इस्त्रीच्या टेबलावर बाख

जर्मनीतल्या लाइपझिगच्या हॉटेलात पियानो असण्याचा प्रश्नच नव्हता. लेकीने कपाटातलं इस्त्रीचं टेबल उघडलं आणि त्यावर बोटं चालवायला सुरुवात केली. सकाळचे सहा. टक टक टक टक. शेजारच्या खोलीतून भिंतीवर एक थाप आली, तसा तिने टेबलावर टॉवेल अंथरला. "आई, कुठला फ्यूग आहे सांग." मला कळत होतं. जर्मन संगीतकार बाखचा, सी मायनर. फ्यूग म्हणजे एकच धून वेगवेगळ्या आवाजांत एकामागून एक येते अशी रचना. गेली दोन वर्षं कुकरच्या शिट्ट्यांसकट तोच ऐकते आहे.

पुण्यात तिची पियानोची ग्रेड एट परीक्षा झाली, डिप्लोमा झाला, आणि बारावीनंतर पियानोच करायचा हे तिने जाहीर केलं. अमेरिकेची फी बघून मी लॅपटॉप बंद केला. जर्मनीत मात्र सरकारी संगीत विद्यापीठं २४, आणि बऱ्याच राज्यांत शिकवणी फी जवळजवळ नाहीच. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपियन संघाबाहेरच्या मुलांना सत्राला १५०० युरो पडतात, पण तेही आपल्याकडच्या खासगी कॉलेजांच्या मानाने बरे. मी रीतसर एक्सेल केलं: शहर, फी, हॉस्टेल, हवामान. इंजिनिअरिंगच्या प्रवेशात भाच्यासाठी केलं होतं तसंच. कॅम्पातल्या तिच्या पियानोच्या मिसनी ते पाहिलं आणि विचारलं, "शिकवणार कोण, तो कॉलम कुठाय?"

नव्हताच. आणि तिथे सगळं त्याच कॉलमवर चालतं. अर्जातच बहुतेक ठिकाणी विचारतात, कोणत्या प्राध्यापकाकडे शिकायचंय. त्याआधी त्यांना मेल करायचा, एक तास मागायचा, जाऊन वाजवून दाखवायचं. त्यांच्याकडे जागा असेल आणि सूर जुळले तर पुढचं. खरं तर आपल्याला हे नवं वाटायला नको. आपल्याकडेही गवयाला कोणी 'कुठल्या संस्थेचे' विचारत नाही, 'कोणाकडे शिकलात' विचारतात. एक्सेलच्या नादात मीच विसरले.

एक सामायिक सीईटी नाही, हे दुसरं दुखणं. प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज, तोही वसंतातच, आणि जूनमध्ये प्रत्येक गावी जाऊन वेगळी परीक्षा. म्हणून एक बॅग, ट्रेनची तिकिटं आणि आम्ही दोघी.

परीक्षा दोन झाल्या. गावांची नावं लिहायची नाहीत, अशी लेकीची अट आहे. तयारी अशी लागते: बाखचा प्रील्यूड आणि फ्यूग, हायडन-मोझार्ट-बेथोव्हेनपैकी एकाचा पूर्ण सोनाटा (अनेक भागांची रचना), एक एट्यूड (बोटांच्या तंत्राची रचना), रोमँटिक काळातलं काही, विसाव्या शतकातलं काही. सगळं पाठ. पहिल्या गावी सरावाला खोली मिळाली अर्धा तास. आत मोठा काळा ग्रँड पियानो. आमच्या घरचा उभा पियानो पावसाळ्यात फुगतो म्हणून त्याच्या पोटात आम्ही बल्ब लावून ठेवतो. त्या पट्ट्यांची सवय झालेली बोटं इथे घसरायला लागली. परीक्षकांनी सोनाटा मध्येच थांबवला. "दांके," म्हणजे धन्यवाद. ती बाहेर आली आणि म्हणाली, "दांके म्हणजे चांगलं की वाईट?" संध्याकाळी यादी लागली. वाईट.

दुसऱ्या गावी थिअरीच्या पेपरात ती अडकली. जर्मन लोक आपल्या बी या स्वराला एच म्हणतात आणि बी फ्लॅटला नुसतं बी. हे तिला माहीत होतं, पण घड्याळ पुढे पळत असताना माहीत असून काय उपयोग! तरी ती पास झाली. निकालात लिहिलं होतं: उत्तीर्ण, पण जागा उपलब्ध नाही. हे मला तीनदा समजावून घ्यावं लागलं. पात्र आहात, पण ज्यांच्याकडे शिकायचं त्यांच्याकडे यंदा तुमच्यासाठी जागा नाही. पुन्हा तोच कॉलम.

मधल्या मोकळ्या दिवशी लाइपझिग पाहिलं. संगीतकार मेंडेल्सोहनने १८४३ मध्ये सुरू केलेलं, जर्मनीतल्या सर्वांत जुन्यांपैकी एक संगीत विद्यापीठ इथलं. नॉर्वेचा संगीतकार ग्रीग इथेच शिकला. टोमासकिर्शेत बाख १७२३ पासून मरेपर्यंत, म्हणजे १७५० पर्यंत होता, आणि आता त्याच चर्चमध्ये जमिनीतल्या ब्रॉन्झच्या पाटीखाली आहे. मला वाटलं, पोरगी भारावून जाईल. ती पाटीकडे बघत बोटं मोजत होती. "बी, ए, सी, एच. आई, यांचं आडनावच वाजवता येतं!" थिअरीचा पेपर असा वसूल झाला.

मग वायमार, ट्रेनने साधारण तासभर. इल्म नदीच्या बागेच्या कडेला पियानोवादक-संगीतकार लिस्टचं घर आहे. १८६९ पासून १८८६ पर्यंत तो दर वर्षी काही महिने इथे राहायचा आणि शिकवायचा, फी न घेता. वरच्या दालनात बेखश्टाइन कंपनीचा ग्रँड पियानो आहे. शिष्य आपापली स्वरलिपी तिथे ठेवायचे, लिस्ट त्यातली एखादी उचलायचा आणि ज्याची असेल त्याने वाजवायची. बाकीचे ऐकायचे. लेक त्या दालनात बराच वेळ उभी होती.

दुपारी त्याच गावात एका प्राध्यापकांनी तास दिला होता. मला आत यायची परवानगी मिळाली. त्यांनी तिला 'झी' म्हटलं, म्हणजे आपलं अहो-जाहो. अठरा वर्षांच्या आयुष्यात तिला हे पहिल्यांदाच. फ्यूग त्यांनी मध्ये न थांबवता पूर्ण ऐकला. मग चाळीस मिनिटं फक्त डाव्या हाताच्या चार मापांवर, म्हणजे तालाच्या चार छोट्या खंडांवर. गाऊन दाखवा म्हणाले. ती गायली, बेसूर. पुन्हा गा. मग वाजवा. मला त्यातलं तंत्र कळत नाही, पण दोन वर्षं ऐकलेल्या फ्यूगमध्ये खाली एक आणखी माणूस बोलतोय, हे तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं. निघताना ते म्हणाले, पुढच्या वर्षी अर्ज करा, पण आधी जर्मन नीट शिका.

परतीच्या ट्रेनमध्ये समोरच्या घडीच्या फळीवर डावा हात सुरू झाला. मी मिसना मेसेज टाकला. त्यांनी लगेच उत्तर दिलं: "जर्मनचा क्लास कधीपासून?" सोमवारपासून, संध्याकाळी सहा ते आठ.