मालवणचा पाडवा, पालखी आणि धूर

आतषबाजीचे फोटो काढायला मी दिवाळीच्या पाडव्याला मालवण गाठलं त्यामागे भक्ती कमी आणि हिशोब जास्त होता. पाडवा म्हणजे अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, चंद्राची कोर असली तरी सूर्याच्या मागोमाग बुडते, आकाश काळंकुट्ट. त्रिपुरी पौर्णिमेला हेच करायला जा, वर हॅलोजन लावल्यासारखा चंद्र, कसले डोंबलाचे रंग उठणार! शिवाय पाडव्याला ग्रामदैवत रामेश्वर आणि नारायणाची पालखी देऊळवाड्यातून निघून गावभर फिरते, किनाऱ्यावरून, मोरयाच्या धोंड्याकडून, मग रात्री बाजारपेठेत. समोर पाण्यात सिंधुदुर्ग. १६६४ साली किल्ल्याच्या मुहूर्ताची पूजा महाराजांनी ह्याच मोरयाच्या धोंड्यापाशी केली. म्हणजे फोरग्राउंड बॅकग्राउंड सगळं आधीच मांडून ठेवलेलं, आपण फक्त ट्रायपॉड उघडायचा.

गाडी लेट, कुडाळहून एसटी उभ्याने, ते सोडा. रूमचं मात्र सांगते. दिवाळी म्हणून भाडं दुप्पट आणि वर एसी इतका गार की नवरा चादरीतून बाहेर यायला तयार नाही. आणि त्या एसीतून कॅमेरा थेट किनाऱ्यावरच्या दमट हवेत आणला की लेन्सवर जी वाफ बसते ती पुसून जात नाही, पुसली की परत धरते. मला हे माहीत होतं म्हणून बॅग दुपारपासून बाहेर व्हरांड्यात ठेवलेली, तर लॉजच्या पोराने "चोरीला जाईल मॅडम" म्हणून प्रेमाने परत आत एसीखाली नेऊन ठेवली!! काय बोलणार.

तर संध्याकाळी मालवणातल्याच दांडीच्या किनाऱ्यावर. पालखी येऊन गेली की तिथली पोरं वाळूत शॉट्स, म्हणजे वर जाऊन फुटणारे फटाके, लावणार असं कळलं होतं. मी पाण्याच्या कडेला ओली घट्ट वाळू बघून ट्रायपॉड रोवला, आयएसओ १००, एफ ११, फोकस लांबच्या दिव्यावर धरून मॅन्युअलला टाकला, बल्ब मोड, म्हणजे बटण दाबून धरू तेवढा वेळ शटर उघडं, आणि हातात त्या बटणाची केबल. शेजारी होडीला टेकून एक वयस्कर काका जाळ्याच्या गाठी बघत बसलेले, त्यांनी बराच वेळ हे सगळं बघितलं आणि मग म्हणाले, "बाय, खंयसून इलंस?"

पुण्याहून.

"मगे ता स्टँड वर घे. पाणी चडताहा."

पाणी मला तर लांबच दिसत होतं. पण प्रतिपदेला भरती साधारण दुपारी आणि मध्यरात्रीच्या पुढेमागे, म्हणजे संध्याकाळी ओहोटी सरून पाणी चढायलाच लागलेलं असतं, त्यात उधाणाचे दिवस. तिथीची पाऊणपट करायची, झाला भरतीचा टाइम, हे काकांनी मला बोटांवर करून दाखवलं. ट्रायपॉड वर घेतला, आणि मी आधी रोवला होता तिथे थोड्या वेळात पाणी आलंच.

आठ वाजता पहिले शॉट्स गेले. पहिल्या दोन-तीन फ्रेम झकास, लाल हिरवं एकदम धारदार. लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, आणि निळा तांब्याचा, जो सगळ्यात अवघड कारण ज्वाला जास्त तापली की तांब्याची ती संयुगं फुटतात आणि निळा मरतो, म्हणून बाजारातला निळा बहुतेक वेळा पांढुरकाच दिसतो, त्यात एक्सपोजर जास्त दिलं की संपलंच. आणि नंतर धूर. वारा पूर्ण पडलेला, धूर आहे तिथेच उभा, पुढचा प्रत्येक शॉट त्या धुरातच फुटतोय, फ्रेममध्ये नुसती गुलाबी कापूसगोळी. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये दिवाळीच्या फटाक्यांना रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली, कायदा कायद्याच्या जागी बरोबर आहे, पण तेव्हाच वारा गायब असेल तर फोटोवाल्याने काय करायचं?

काका हसले. "खारो वारो पडलो हा. आता वायच थांब. रातचो वारो भुंयसून सुटता, मगे धूर दर्यात जातलो."

म्हणजे दिवसा समुद्राकडून येणारा वारा संध्याकाळी बंद होतो, जमीन गार झाली की मतलई सुटते, ती जमिनीकडून समुद्राकडे. मधल्या वेळात ठप्प. एवढी साधी गोष्ट फोटोग्राफीच्या एकाही व्हिडिओत मला कोणी सांगितलेली नाही, सगळे आपले शटर दोन सेकंद की चार सेकंद ह्यावरच भांडतात.

मग थांबायचं म्हणजे काय, तर काकांच्या घरी. कोरी चाय, चकली, आणि काकूंचा लाडू, एक संपायच्या आत ताटलीत दुसरा. मी नको म्हटलं तर काकू रुसल्या, खरोखर रुसल्या. पुण्यात एवढ्या आग्रहाने कोणी बिलही देत नाही.

परत आलो तर मानेच्या मागून गार वारा. पोरांकडे शेवटचे शॉट्स उरले होते. धूर सरळ पाण्यावर निघून गेला आणि फुटणारा प्रत्येक शॉट मागच्या त्या धुराला उजळत होता, क्षणभर तटाची काळी रेघ दिसायची, परत अंधार. शटर उघडंच ठेवून, दोन शॉट्सच्या मधे लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरून तीन शॉट एकाच फ्रेममध्ये घेतले. तेवढ्यात कोणाचं तरी ड्रोन लाल-हिरवे दिवे लावून अगदी मधोमध येऊन घोंघावायला लागलं, त्याला मी मनात ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत.

बाजारपेठेत पोचेपर्यंत उशीर झाला. दुकानादुकानापुढे रांगोळ्या, कंदील, पालखी आली की माळ, कानठळ्या. ट्रायपॉड उघडायला जागाच नाही, प्रत्येकाच्या मोबाईलचा फ्लॅश समोरच्याच्या टाळक्यावर. मी कॅमेरा बॅगेत टाकला आणि सरळ ओटीच्या रांगेत उभी राहिले.

घरी येऊन किल्ल्यावाला तो फोटो काकांना व्हॉट्सॲपवर पाठवला. लाटांवर हलणारी त्यांची होडी चार सेकंदांत अर्थातच पुसट झालेली. दोन दिवसांनी रिप्लाय आला, "फोटो बरो हा. माझी होडी अशी कित्याक दिसता?"