उजवी काच

धनकवडीच्या ताईंनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "दादा, गाडीच्या पुढच्या दिव्यांच्या काचा पिवळ्या पडल्यात, घासून द्या. संध्याकाळी मला भोरला निघायचंय." मे महिना होता. घासलेल्या काचेवर शेवटी लॅकरचा पारदर्शक थर फवारतात. या दिवसांत तो मारायचा तर सकाळीच. दहानंतर सगळं एवढं तापतं की लॅकर नीट पसरायच्या आधीच सुकतो आणि दाणेदार दिसतो. म्हणून मी सातलाच त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये हजर झालो.

माझी पहिली तपासणी पाण्याची असते. काचेवर ओला फडका फिरवायचा. ओली असेपर्यंत काच नितळ दिसली, तर दोष वरच्या अंगाला आहे. पाणी बारीक ओरखड्यांत भरतं म्हणून ती तशी दिसते. डावी काच ओली होताच आतला बल्ब स्पष्ट दिसला. उजवीवर मात्र बल्बच्या बरोबर वरच्या बाजूला रुपयाएवढा तपकिरी डाग तसाच राहिला. मी तो पाहिला आणि तरी डावीकडून काम सुरू केलं. तिथं माझं चुकलं. आधी बॉनेट उघडायला हवं होतं.

आपण काच म्हणतो, पण ती काच नव्हे. पद्मिनी, ॲम्बेसेडरला खरी काच होती, ती पिवळी पडत नसे. आताचे दिवे पॉलिकार्बोनेटचे. दगड लागला तरी सहसा फुटत नाहीत, पण उन्हातल्या अतिनील किरणांपुढे टिकत नाहीत. म्हणून कारखान्यातच त्यावर एक कडक पारदर्शक थर देतात. वर्षानुवर्षं उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचा तो थर विरतो, सोलतो, आणि खालचं प्लास्टिक पिवळं पडायला लागतं. ताईंच्या मुलानं दिवाळीत टूथपेस्ट लावून काचा चकचकीत केल्या होत्या; होळीपर्यंत पुन्हा होत्या तशा. पोराची मेहनत खोटी नव्हती, टूथपेस्टही घासतेच. पण उरलासुरला थर घासून काढला आणि नवा दिला नाही, तर प्लास्टिक उघडंच उन्हात राहतं.

डावीभोवती मास्किंग टेप लावली आणि ८०० नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर घेतला. सुरुवातीला पिवळसर पाणी वाहतं, तो जुना थर. पाणी दुधासारखं पांढरं यायला लागलं की समजायचं, खालचं प्लास्टिक लागलं. या वेळी काच आधीपेक्षा वाईट, पार धुरकट दिसते. गाडीवाले इथंच घाबरतात, ताईही घाबरल्या. मग १००० नंबर आडवा, १५०० उभा. दिशा बदलली की आधीचा ओरखडा उरलाय का ते लगेच दिसतं. लॅकर मारायचा असेल तर इथं थांबायचं. कंपाउंडनं, म्हणजे पॉलिशच्या लेपानं, आरशासारखी काच करून त्यावर लॅकर मारला तर तो धरत नाही, सोलून निघतो. आणि पुसायला थिनर कधीही घेऊ नका. पॉलिकार्बोनेटला तो आतून केसासारख्या चिरा पाडतो, त्या कुठल्याच पेपरनं जात नाहीत. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या.

लॅकरआधी उजवी घासून घ्यावी म्हणून तिकडे वळलो. पिवळेपणा गेला, डाग जागचा हलला नाही. तेव्हा कुठे टॉर्च लावून पाहिलं. डाग आतून होता, भोवती बारीक चिरांचं जाळं. बॉनेट उघडून मागचं रबर काढलं तर करपल्याचा वास आला. बल्बचा होल्डर वितळून काळा झालेला.

ताईंनी मग सांगितलं. फेब्रुवारीत कापूरहोळ सोडल्यावर भोरच्या रस्त्यावर एक ट्रॅक्टर-ट्रॉली अंधारात उभी होती, मागे दिवा नाही, काही नाही. अगदी जवळ गेल्यावर दिसली. वडील भोरला एकटे, दर शनिवारी जाणं भाग. म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी ६०/५५ वॅटचे (लांब झोताला ६०, डिपरला ५५) बल्ब काढून १००/९० चे बसवले. त्यांचं कारण खरं होतं. पण धुरकट काचेतून जादा उजेड रस्त्यावर पडत नाही, सगळीकडे फाकतो. समोरचा दिपून डिपर मारत राहतो आणि आपला रस्ता काळाच राहतो. वरून त्या उष्णतेनं होल्डर आणि काच दोन्ही खाल्ली.

"जमेल तेवढी चमकवा ना दादा, आज वेळ नाहीये." चमकली असती. दुपारी पार्किंगमध्ये कुणाला काही कळलंही नसतं. पण वितळलेल्या होल्डरवर ती गाडी रात्री भोरला पाठवायला माझं मन धजेना. मी स्पष्ट सांगितलं: उजवा दिवा पूर्ण बदलावा लागेल, आणि त्या बाजूच्या घासणीचे पैसे मी घेणार नाही. ताई जरा वेळ गप्प राहिल्या. मग आत जाऊन पर्स घेऊन आल्या.

आधी डावीला लॅकर मारला, तोंडाला कार्ट्रिजचा मास्क बांधून, खेळणारी मुलं लांब पाठवून. हार्डनर, म्हणजे कडक करणारं रसायन, मिसळलेल्या लॅकरचा फवारा फुप्फुसाला वाईट असतो, साधं फडकं बांधून भागत नाही. दोन हलके हात, तिसरा भरून. तो सुकेपर्यंत मी उजवा दिवा काढून नमुना म्हणून स्कूटरवर घेतला आणि नाना पेठ गाठली. तिसऱ्या दुकानात जुळणारा मिळाला. सोबत ६०/५५ च्या बल्बची जोडी आणि सिरॅमिकचे दोन होल्डर.

दुपारभर जोडणी झाली. अंधार पडल्यावर ताईंनी गाडी भिंतीसमोर लावली आणि मी दोन्ही दिव्यांची उंची जुळवली. डिपरवर भिंतीवर उजेडाची सरळ धार उमटली, वर अंधार, खाली उजेड. "एवढ्या कमी वॅटचा?" असं म्हणत ताई भिंतीपर्यंत चालत गेल्या आणि त्या धारेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आठवडाभर डावी काच धुऊ नका, लॅकर पूर्ण कडक व्हायला वेळ लागतो, एवढं सांगून मी सामान आवरलं. साडेआठला त्या निघाल्या. दहाच्या सुमारास फोन आला, भोरला पोचल्याचा.

तो जुना उजवा दिवा मी टाकला नाही. कुणी जादा वॅटचा बल्ब मागितला की पिशवीतून काढून आधी तो त्यांच्या हातात देतो.