नागासाकीजवळच्या एका मंडळीत : माझा अनुभव

पुण्यातल्या आमच्या मंडळीतून, म्हणजे चर्चच्या सभासदांतून, एक टीम जपानला सेवेसाठी गेली होती. आम्हाला बोलावणाऱ्या जपानी पाळकांनी, म्हणजे तिथल्या चर्चच्या धर्मगुरूंनी, पहिल्याच पत्रात लिहिलं होतं की कार्यक्रम ठरवून येऊ नका. ऑगस्टमध्ये आमच्या मंडळीला काय लागतं ते आम्ही कळवू. परदेशी सेवेला जाणाऱ्या प्रत्येक टीमने हे वाक्य डोक्यात ठेवावं असं मला आता वाटतं. त्यांना लागणारी कामं अशी होती : शाळकरी मुलांसाठी इंग्रजीचं शिबिर, मंडळीच्या सामाईक थडग्याभोवतीचं गवत काढणं, चर्चची झाडलोट आणि गावकऱ्यांसाठी भारतीय जेवणाची एक संध्याकाळ. नाटुकली, गिटार, मोठ्या सभा असलं काहीच त्यांनी मागितलं नव्हतं.

मंडळी नागासाकी शहरापासून रेल्वेने थोडी दूर. रविवारच्या उपासनेला पंधरा-वीस माणसं, बहुतेक सत्तरीच्या पुढची. पाळक एकच आणि शेजारच्या गावातली मंडळीही त्यांच्याकडेच. जपानमध्ये सगळे पंथ धरूनही ख्रिस्ती माणसं लोकसंख्येच्या साधारण एक टक्का, त्यामुळे एका पाळकाने दोन-दोन मंडळ्या सांभाळणं तिथे नवलाचं नाही.

व्हिसाचं काम वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं, कारण कागद तिकडूनच नीट आले. बोलावण्याचं कारण सांगणारं पत्र, दिवसवार वेळापत्रक आणि हमीपत्र, हे तिन्ही बोलावणाऱ्याने द्यायचे असतात. अल्प मुदतीच्या व्हिसावर पगारी काम करता येत नाही, म्हणून आम्ही मानधन तर नाहीच, प्रवासखर्चही घेतला नाही. काही पैसे पदरचे घातले, बाकीचे पुण्यातल्या आमच्या मंडळीने आणि नगरच्या नातेवाइकांनी उभे केले.

खरा वेळ गेला साक्ष लिहिण्यात, म्हणजे आपल्या विश्वासाचा जो अनुभव सभेत सांगायचा तो लिहिण्यात. दुभाषी असला की दहा मिनिटांतली पाचच आपली. तिथल्या दुभाषी ताईंनी मजकूर आधी मागवला आणि पाळकांनी तो वाचून कळवलं की शास्त्रवचनं कमी करा, घरचं सांगा. मग मी पणजोबांबद्दल लिहिलं. नगर जिल्ह्यातल्या खेड्यात त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा भावकीने संबंध तोडले. त्यांच्या आईच्या मयतीलाही त्यांना येऊ दिलं नाही.

शिबिराच्या पत्रकावर पाळकांनी दोन ओळी ठळक छापल्या होत्या : हे ख्रिस्ती चर्च आहे, आणि रोज बायबलमधली एक गोष्ट सांगितली जाईल. त्याखाली पालकांच्या सहीची जागा. आमच्यातल्या एकाने विचारलं, एवढं पुढे लिहिलं तर मुलं येतील का? पाळक म्हणाले, न आलेली चालतील, पण आई-बापांना अंधारात ठेवायचं नाही. याला कारण होतं. ८ जुलै २०२२ ला माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली. मारेकऱ्याच्या आईने युनिफिकेशन चर्च या धार्मिक संघटनेला प्रचंड देणग्या दिल्या होत्या आणि त्यात घर धुळीला मिळालं होतं; आबे यांचे त्या संघटनेशी संबंध आहेत असं मानून त्याने तो राग त्यांच्यावर काढला. त्याच वर्षी डिसेंबरात गैरमार्गाने देणग्या मागण्याविरुद्ध कायदा झाला आणि मार्च २०२५ मध्ये तोक्योच्या जिल्हा न्यायालयाने त्या संघटनेच्या विसर्जनाचा आदेश दिला. या सगळ्यानंतर अनोळखी धार्मिक माणसाला लोक दारातच थांबवतात, आणि ते योग्यच आहे. ज्या टपालपेट्यांवर ‘पत्रकं टाकू नयेत’ असं लिहिलेलं होतं त्या आम्ही सोडून दिल्या. अशा पेट्या पुष्कळ होत्या.

तरीही मुलं आली. सकाळी साडेसहाला रेडिओवरच्या कवायतीसाठी ती बागेत जमायची; आम्हीही त्यांच्यात उभे राहायचो आणि तिथेच निम्मी ओळख व्हायची. उकाडा मुंबईच्या मे महिन्याइतकाच. पाळकांच्या पत्नी सातूचा थंड चहा भरून ठेवायच्या. तीन-चार आया मुलांना सोडायला येऊन मागच्या बाकावर बसून राहत. त्यांच्याशी आम्ही स्वतःहून धर्माचं काही बोलायचं नाही, विचारलं तरच सांगायचं, हे ठरलेलं होतं.

९ ऑगस्टला सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी भोंगा वाजला आणि सगळे जागच्या जागी उभे राहिले, मुलंसुद्धा. १९४५ साली त्याच मिनिटाला नागासाकीच्या उराकामी भागावर अणुबॉम्ब पडला. तिथलं कॅथेड्रल स्फोटाच्या केंद्रापासून जेमतेम अर्धा किलोमीटरवर. ख्रिस्ती धर्मावरच्या सुमारे अडीचशे वर्षांच्या बंदीत ज्यांच्या पूर्वजांनी लपूनछपून विश्वास जपला, त्या उराकामीच्या ख्रिस्ती वस्तीतले हजारो लोक त्या स्फोटात गेले. त्या दिवशी आम्ही शिबिरात गाणी घेतली नाहीत. मुलांनी शांततेची खूण म्हणून कागदाचे क्रौंच पक्षी केले, आम्हीही शिकलो.

सुट्टीच्या दिवशी आम्ही शहरातल्या निशिझाका टेकडीवर गेलो. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तिथे सव्वीस ख्रिस्ती माणसांना त्यांच्या विश्वासासाठी क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं. त्यातले वीस जपानी. सगळ्यात धाकटा बारा वर्षांचा. आणि एक वसईचा : गोन्सालो गार्सिया. १९६२ साली उभारलेल्या स्मारकावर सव्वीस ब्राँझच्या मूर्ती एका ओळीत आहेत. आमच्या टीममधला एक जण वसईत वाढलेला, संत गोन्सालोंच्या नावाचं तिथलं गासचं चर्च लहानपणापासून बघितलेला. तो गोन्सालोंच्या मूर्तीखाली बराच वेळ उभा होता. आम्ही प्रोटेस्टंट, संतांचे सण पाळत नाही. पण गोन्सालोंबद्दल एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ते वयाने लहान असतानाच जपानला गेले आणि भाषा उत्तम शिकले. व्यापारही केला. नंतर मनिलात फ्रान्सिस्कन या कॅथलिक संन्यासी संघात गेले आणि १५९३ साली दुभाषी म्हणून परत जपानला आले. तेव्हाचा जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारात फ्रान्सिस्कनांच्या वतीने बोलायचे ते हेच. त्या माणसांची भाषा ज्याला येते, त्याचीच गरज तिथे लागली होती.

ओबोन जवळ आला तशी गवत काढायची वेळ झाली. या सणात जपानी घरं पूर्वजांच्या थडग्यांवर जातात, जागा स्वच्छ करतात, दिवे लावतात. नागासाकीत तर फटाकेही भरपूर वाजतात. मंडळीचं थडगं म्हणजे टेकडीवरची एक दगडी खोली, आत मयत सभासदांच्या अस्थी. आमच्याबरोबर एक आजी विळा घेऊन आल्या होत्या. उपासनेला त्या बरीच वर्षं येतात, बाप्तिस्मा घेतलेला नाही. सावलीत बसल्यावर दुभाषी ताईंमार्फत त्यांनी मला विचारलं, तुझ्या पणजोबांना आईच्या मयतीला जाता आलं नाही, मग त्यांना स्वतःला कुठे पुरलं?

मी सांगितलं, गावाबाहेर मिशनच्या जागेत. आईची जागा मात्र त्यांना शेवटपर्यंत कुणी दाखवली नाही.

आजी म्हणाल्या, माझे यजमान त्यांच्या घराण्याच्या थडग्यात आहेत. मी इकडे आले तर त्यांची जागा कोण साफ करेल?

मला उत्तर देता आलं नाही आणि ते माझं देण्यासारखं नव्हतंही. पाळक जवळच होते. ते एवढंच म्हणाले की पुढच्या आठवड्यात मी तुमच्याबरोबर तिकडे येतो, गवत दोघं मिळून काढू. आम्ही परतल्यावर ते खरंच गेले, असं त्यांच्या पत्रातून कळलं.

दर महिन्याला येणारं ते पत्र आमची प्रार्थना सभा वाचते. पुढच्या उन्हाळ्यासाठी त्यांनी मोठी टीम मागितलेली नाही. दोघंच या, पण साधं जपानी बोलता येणारे या, असं लिहिलंय. पुण्यात जपानी शिकवणाऱ्यांची कमी नाही. मी शनिवारचा वर्ग लावला आहे आणि डिसेंबरात जपानीची एन-फाइव्ह, म्हणजे सगळ्यात सुरुवातीच्या पातळीची परीक्षा देणार आहे. आमच्या तरुण संघातल्या कुणाला बरोबर यायचं असेल तर वर्गात अजून जागा आहे.