ड्रायर खोलायच्या आधी त्याचा आवाज नीट ऐका

आमचा कपडे गरम हवेने वाळवणारा ड्रायर बरेच दिवस धडधडत होता आणि तो दुरुस्त करताना मला एक गोष्ट फार पटली, की आवाज किती मोठा आहे त्यापेक्षा तो कुठल्या लयीत येतोय ते बघायचं. कारण आतला प्रत्येक भाग वेगवेगळ्या वेगाने फिरतो. ड्रम, म्हणजे कपडे टाकतो तो फिरणारा डबा, मिनिटाला साधारण ५० फेरे घेतो, म्हणजे सेकंद-सव्वा सेकंदाला एक, आणि मोटर मिनिटाला १४०० ते १७०० च्या घरात. मग सेकंदाला एकदा ठक् होत असेल तर ड्रम नाहीतर त्याला फिरवणाऱ्या बेल्टकडे बघायचं, त्यापेक्षा भराभर धडधड असेल तर ड्रम ज्यांच्यावर टेकून फिरतो ते छोटे रोलर, आणि लय अशी नाहीच, नुसती सलग घरघर चालू आहे, तर मोटर किंवा हवा खेचणारा ब्लोअर. कर्कश चिरकणं बहुतेक वेळा बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीचं असतं, आणि पत्रा घासल्यासारखी खरखर आली तर ड्रमच्या कडेचं फेल्ट (नमद्यासारखी जाड पट्टी) किंवा पुढच्या बाजूच्या प्लास्टिकच्या पट्ट्या झिजल्यात समजा.

सगळ्यात आधी ड्रायर रिकामा चालवून बघा. आवाज गायब झाला तर ती जीन्सची बटणं, चेन किंवा खिशातली नाणी, मशीनला काही झालेलं नाही. चारही पाय जमिनीला नीट टेकलेत का तेही तेव्हाच बघून घ्या. सुरुवातीला धडधडून पाच-दहा मिनिटांनी शांत होत असेल तर रोलरचा रबर एका बाजूला चपटा झालेला असू शकतो, गरम झाला की तो जरा मऊ पडतो. आमच्याकडे अगदी असंच होत होतं.

खोलायच्या आधी प्लग काढायचा. बटण बंद केलंय एवढं पुरत नाही, प्लगच काढायचा, आणि गॅसवर चालणारा असेल तर गॅसचा कॉक पण बंद. काही मॉडेलमध्ये मोटरला कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा भाग) असतो, त्यात प्लग काढल्यावरही चार्ज राहू शकतो, त्याला हात लावायचा नाही. हातमोजे घाला, आतल्या पत्र्याच्या कडा खरंच धारदार असतात. पॅनल कुठून उघडतं ते मॉडेलप्रमाणे बदलतं म्हणून दाराच्या कडेला चिकटवलेला मॉडेल नंबर शोधून त्याचंच मॅन्युअल बघा, अंदाजाने पत्रा ओढू नका.

बेल्ट काढायच्या आधी फोटो काढा!! पुली आणि मोटरमधून तो कसा वळणं घेत जातो ते नंतर अजिबात आठवत नाही. बेल्ट काढला की तपासणी सोपी होते, कारण आता प्रत्येक भाग हाताने वेगळा फिरवून बघता येतो. रोलर दांड्यावर डगडगतोय का, पुली अडकत अडकत फिरते का, मोटरचा दांडा हलका फिरतोय का, ब्लोअरच्या पंख्यात नाणं किंवा लिंटचा (कपड्यांतून सुटणाऱ्या बारीक तंतूंचा) गोळा अडकलाय का. आमचा एक रोलर चांगलाच डगडगत होता, मी सगळे रोलर एकदमच बदलले कारण सगळे सारखेच झिजलेले असतात आणि एक नवा, बाकीचे जुने ठेवले तर ड्रम एकसारखा टेकत नाही. पुलीही बदलली, एवढं खोललंच आहे तर.

एक कळकळीची विनंती, आवाज येतो म्हणून आत तेल किंवा स्प्रे मारू नका. दोन दिवस बरं वाटेल, पण तेलावर लिंट चिकटतं, त्याचा लगदा होतो आणि रोलर अजून घासतो. शिवाय लिंट पटकन पेट घेतं, तिथे तेल आणि उष्णता दोन्ही एकत्र नकोतच. रोलरचा दांडा कोरड्या फडक्याने पुसा, मॅन्युअलमध्ये काही वेगळं सांगितलं असेल तरच ते लावा. आणि आत साचलेलं लिंट व्हॅक्युमने काढून टाका, जाळी रोज साफ केली तरी आत बरंच जातं.

बेल्ट परत लावताना खाचांची बाजू ड्रमकडे, मग पॅनल बंद करायच्या आधी ड्रम हाताने दोन-तीन वेळा फिरवून बेल्ट मधोमध सरळ बसलाय का बघायचं. एवढं करूनही घरघर मोटरमधूनच येत असेल, किंवा जळका वास येत असेल, तर ड्रायर बंद ठेवायचा आणि जाणकार माणसाला बोलवायचं, वासासकट "एक शेवटचा लोड" काढत बसू नका.