गोल शिक्का
नाशिकहून बदली झाली तेव्हा हिशेब सोपा वाटला होता. माझं ऑफिस फोर्टात, ह्यांचं ऐरोलीत. म्हणजे दोघांनाही मध्य रेल्वे, हे ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर पकडणार. बदलापुरात त्याच भाड्यात एक खोली जास्त मिळत होती, पण सीएसएमटीपासून ते ६८ किलोमीटर आणि डोंबिवली ४८. शिवाय डोंबिवलीहूनच सुटणाऱ्या लोकल आहेत. लेक पहिलीत जाणार होती, तिला शाळेत सोडून मला गाडी गाठायची होती. डोंबिवली पूर्व ठरली. शाळाही आवडली.

मग शाळेच्या कार्यालयाची खिडकी आली.

"पत्त्याचा पुरावा आणा." आधारवर नाशिक. भाडेकरार चालेल, पण नोंदणी केलेलाच. ठीक आहे, नाहीतरी कायद्यानं तो नोंदवावाच लागतो. एजंट मशीन घेऊन घरी आला, तर घरमालकीण आजींचा अंगठा जुळेना. भांडी घासून घासून रेषाच पुसट झालेल्या. हात धुतले, खोबरेल लावलं, पुसलं, एकेक बोट लावून पाहिलं. तासाभरानं मधल्या बोटानं लाज राखली.

फॉर्मच्या शेवटच्या दिवशी करार घेऊन खिडकीवर उभी. मॅडमनी उलटसुलट करून पाहिला.

"गोल शिक्का कुठाय?"

म्हटलं, ऑनलाइन नोंदणी आहे, डिजिटल सही असते.

"ही झेरॉक्स आहे. ओरिजिनल आणा."

ओरिजिनल म्हणजे माझ्या मोबाइलमधली पीडीएफ! तीही दाखवली.

"मोबाइल फायलीला कसा लावू मी?"

मागे रांग, वरती घड्याळ, बारा वाजता खिडकी बंद. रडकुंडीला येऊन एजंटला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "गोल हवाय ना? दुकानात या." रिक्षानं गेले. त्यानं पानापानावर ठप्पे मारले. त्यावर फक्त त्याच्या दुकानाचं नाव आणि 'झेरॉक्स, लॅमिनेशन'. पावणेबाराला मॅडमनी ते ठप्पे मोजले आणि फॉर्म घेतला. अजून आठवलं की डोकं सणकतं.

तेव्हा घर शोधणाऱ्यांनो, टोकन द्यायच्या आधी शाळेला काय कागद लागतो ते विचारा, आणि तो कसा दिसायला हवा तेही. घर बघायला रविवारी जाऊ नका. कामाच्या दिवशी सकाळी आठला फलाटावर उभं राहून चढून बघा. वय ३१ डिसेंबरला धरतात, पहिलीसाठी सहा पूर्ण.

आणि वर्ग कुठल्या सत्रात भरतो ते विचारा. आम्ही विचारलं नाही. पहिली दुपारी साडेबाराची निघाली, तोवर मी फोर्टात. हल्ली आजीच सोडतात तिला. शाळा रुळांच्या आमच्याच बाजूला आहे म्हणून जमतं, पश्चिमेला असती तर त्यांना रोज पूल चढावा लागला असता.