आप्पांची 'दुपारी'

चिठ्ठीवर एकच ओळ होती : विसरणं वाढलंय, औषध ठरवण्याआधी श्रवणचाचणी करून पाठवा. मेंदूविकारतज्ज्ञांकडून अशी चिठ्ठी आली की मला बरं वाटतं, कारण बरेचदा म्हाताऱ्या माणसाचे कान तपासायचे राहूनच जातात.

आप्पा इचलकरंजीचे. पंचाहत्तरी ओलांडलेली, उभा जन्म यंत्रमागावर गेलेला. सोबत मुलगा आणि सूनबाई. तक्रारींचा पाढा सुनेनं वाचला. सातची गोळी आठला घेतात, एकच गोष्ट चारदा विचारतात, पाहुणे आले की उठून ओसरीवर जातात. टीव्ही गल्लीभर ऐकू जाईल असा लावतात, पण बातमी काय होती विचारलं तर सांगता येत नाही.

आप्पा मात्र मजेत. नाव, गाव, सकाळी काय जेवलात, सगळ्याची उत्तरं झटपट. फक्त त्यांची नजर माझ्या ओठांवरून हलत नव्हती. मी फाइल तोंडासमोर धरली आणि त्याच आवाजात विचारलं, "मुलं किती तुम्हाला?"

"व्हय, चा झाला की," आप्पा म्हणाले.

मागाच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येतच नाही. तिथं ओठ आणि हातवारे वाचतच माणूस कामाला लागतो. हे कसब आप्पांनी इतकं पक्कं केलं होतं की कान गेल्याचं त्यांना स्वतःलाही उमगलं नसावं.

श्रवणचाचणीचा आलेख अपेक्षेप्रमाणेच निघाला. जाड, खालच्या पट्टीतले आवाज बऱ्यापैकी ठीक, आणि 2000 हर्ट्झच्या पुढे (हर्ट्झ म्हणजे पट्टीचं माप, आकडा जितका मोठा तितका आवाज बारीक) घसरगुंडी. गोंगाटानं आधी 4000 हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. पुढे वयामुळे वरच्या पट्ट्याही जातात आणि त्या खड्ड्याचा उतार होतो. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, त्यामुळे आवाज येतो. पण स, थ, फ, ख यांची ओळख पटते ती वरच्या पट्टीत. म्हणून 'सात' आणि 'आठ' यांत फरक उरत नाही. ओरडून उपयोग नसतो. ओरडण्यानं स्वरच फुगतात.

स्मरणशक्ती तपासणं माझं काम नव्हे. तरी राहवलं नाही. तोंड झाकून, नेहमीच्या आवाजात आप्पांना पाच शब्द सांगितले. त्यांत 'सुपारी' होती, 'नथ' होती. लगेच म्हणायला सांगितलं, तर त्यांनी 'दुपारी' आणि 'नख' म्हटलं. मी दुरुस्त केलं नाही. इकडतिकडच्या गप्पा मारल्या, धोट्यातली कांडी कशी बदलतात ते त्यांच्याकडून समजून घेतलं, आणि मग विचारलं, मघाचे शब्द कोणते? आप्पांनी बोटं मोजत सांगितलं. त्यात 'दुपारी' होती, 'नख'ही होतं. म्हणजे कानात पडलं ते त्यांनी नीट जपलं होतं. कागदावर मात्र दोन्ही चूकच धरले गेले असते.

मग हेडफोनमधून, त्यांच्या कानाला हवा तेवढा वरचा पट्टा वाढवून, नवे पाच शब्द दिले. थोड्या वेळानं त्यांतले चार परत आले.

सूनबाई एकदम म्हणाली, "म्हणजे आप्पांना काहीच झालेलं नाही?"

तसं म्हणणं मला पटत नव्हतं. डॉक्टरांच्या कागदांत, त्यांनी घेतलेल्या चाचणीत आप्पांनी काढलेलं घड्याळाचं चित्र होतं. सगळे आकडे उजव्या अर्ध्यात कोंबलेले, काटा एकच. 'घड्याळ काढा' हे त्यांना ऐकू आलं होतं. तिथं कानाला दोष देता येत नाही. शिवाय दोन्हींचं नातं आहेच. ऐकण्यातच दहापैकी आठ रुपये खर्च झाले तर लक्षात ठेवायला दोनच उरतात. त्यात माणूस चारचौघांत बसेनासा होतो आणि बोलणंच आटतं.

मुलानं नेमका प्रश्न विचारला : कानाचं मशीन लावलं तर विसरणं थांबेल का? खात्री कुणीच देऊ नये. अमेरिकेत 70 ते 84 वयाच्या 977 जणांवर तीन वर्षं चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर मशीनमुळे फरक दिसला नाही. पण ज्यांना मुळातच धोका जास्त होता, त्यांच्यात बुद्धीची घसरण 48 टक्क्यांनी मंदावली. आप्पांना रक्तदाब आहे, मधुमेह आहे. मी त्यांना मशीन लावायलाच सांगितलं, आणि स्मृतीची चाचणी पुन्हा, मशीन लावून घ्यावी असं डॉक्टरांना कळवलं.

पुढच्या भेटीत तक्रार आप्पांचीच होती. पंखा घरघरतो, भांडी आदळतात, सून मोबाइलवर फार बोलते. मेंदूला या आवाजांची पुन्हा सवय व्हायला काही आठवडे जातात, हे त्यांना सांगितलं.

"दुपारी झोपताना काढू का?"

"काढा. पण डॉक्टर प्रश्न विचारतील तेव्हा कानात पाहिजे."

"कोण फाटक इचारतील?"

मी तोंडावरचा हात काढून पुन्हा सांगितलं, आणि वरच्या पट्ट्या आणखी थोड्या वाढवून दिल्या.