गोकायामा: एक रात्र गवती छपराखाली

जपानच्या सहलीत शिराकावा-गो हे नाव हल्ली हमखास असतं. सकाळी ताकायामाहून बस, दोन तास फोटो, दुपारी परत, असा बेत अनेक जण आखतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की हा बेत थोडा वाकवा. शिराकावा-गो बघाच, पण मुक्काम त्याच शोगावा नदीच्या खोऱ्यात उत्तरेला असलेल्या गोकायामात करा. या खोऱ्यातली उंच गवती छपरांची जुनी घरं उभी कशी राहिली आणि अजून उभी का आहेत, हे तिथे रात्र काढल्यावर जेवढं कळतं तेवढं दिवसाच्या गर्दीत कळत नाही.

आधी भूगोल. शिराकावा गिफु प्रांतात येतं, गोकायामा शेजारच्या तोयामा प्रांतातल्या नान्तो शहराच्या हद्दीत. १९९५ साली युनेस्कोने तीन वस्त्या मिळून जागतिक वारशाच्या यादीत घेतल्या: शिराकावातलं ओगिमाची आणि गोकायामातली ऐनोकुरा व सुगानुमा. ओगिमाचीत गवती छपरांच्या शंभरावर इमारती आहेत, ऐनोकुरात विसेक आणि सुगानुमात फक्त नऊ. बसगाड्या भरून येणारे लोक ओगिमाचीत उतरतात, त्यामुळे बाकीच्या दोन वाड्यांना अजून मोकळा श्वास घेता येतो.

आम्ही ऑक्टोबरच्या शेवटी गेलो होतो, सोबत आई-बाबा. तोक्योहून होकुरिकु शिनकान्सेनने शिन-ताकाओका गाठायचं आणि स्टेशनाबाहेरून 'वर्ल्ड हेरिटेज बस' पकडायची. इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवा. 'कागायाकी' ही सर्वांत वेगवान गाडी सहसा शिन-ताकाओकाला थांबत नाही, म्हणून 'हाकुताका'चं तिकीट काढा. आणि या बस दिवसातून मोजक्याच सुटतात, त्यामुळे आधी बसचं वेळापत्रक बघून मग ट्रेन ठरवा. मोठ्या बॅगा सोबत नेऊच नका. जपानमध्ये सामान एका हॉटेलहून पुढच्या हॉटेलवर पाठवण्याची कुरिअरसेवा अतिशय चोख आहे. पाठीवर एका रात्रीपुरतं सामान पुरे.

तासाभरात बस सपाटी सोडते, बोगदे सुरू होतात, आणि खाली शोगावाचं गडद हिरवं पाणी दिसू लागतं. दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर बीचची झाडं पिवळी पडलेली, मधूनच मेपलचा लाल पट्टा. रंग बघायचे असतील तर ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा धरावा. त्यानंतर हिवाळा खरोखर कडक असतो आणि बर्फ माणसाच्या उंचीच्या वर जातो. ऐनोकुरा-गुची थांब्यावर उतरून पाचेक मिनिटांचा चढ. बाबांच्या गुडघ्यांना जमला, पण सावकाश. गावामागे आणखी थोडं चढलं की सगळी वाडी एका नजरेत येते: कापणी झालेली लहान लहान खाचरं आणि त्यांच्यामध्ये नमस्काराला जोडलेल्या तळव्यांसारखी उंच, दुपाखी छपरं.

छपराचा उतार जवळजवळ ६० अंशांचा असतो, बर्फ घसरून पडावा म्हणून. आम्ही उतरलो ते घर मिन्शुकू, म्हणजे घरगुती मुक्कामाची जागा. घरच्या आजींनी जेवणाआधी आम्हाला माळ्यावर नेलं. जिना शिडीसारखा उभा आहे, पायात मोजे असतील तर जपून. वर बॅटरीच्या उजेडात त्यांनी एक गाठ दाखवली. छपराच्या सांगाड्यात खिळा नाही. तुळया आणि वासे भाताच्या पेंढ्याच्या दोरांनी आणि 'नेसो'ने, म्हणजे मान्साकू झाडाच्या कोवळ्या फांद्या पिळून, बांधलेले असतात. ओली असताना आवळलेली फांदी वाळली की जास्तच घट्ट बसते. मी त्या गाठीवर बोट फिरवलं तर ती लाकडासारखी टणक लागली, आणि बोटाला काजळी. खालच्या इरोरीचा, म्हणजे जमिनीतल्या चौकोनी चुलीचा, धूर वर्षानुवर्षं वर चढत राहतो. त्याने कीड लागत नाही आणि दोर टिकतात. मुख्य वाशांची खालची टोकं टोकदार करून तुळईच्या खाचेत नुसती टेकवलेली असतात, त्यामुळे वारा आला की सांगाडा थोडा हलतो आणि भार झेलतो.

गवत काही दशकांनी बदलावं लागतं. शिराकावात हे काम 'युई' पद्धतीने चालत आलं आहे: शंभर-दोनशे माणसं एका घरावर चढतात आणि छपराची एक बाजू दिवसभरात नवी करतात. आज तुमचं घर, पुढे माझं, मजुरीचा हिशेब नाही. गोकायामात आता हे काम मुख्यतः प्रशिक्षित कारागीर करतात, कारण गावात माणसंच कमी उरली आहेत. मला हे ऐकून वाईट वाटलं, पण छपरं गळत नाहीत आणि त्याच कामावर काही तरुण इथे टिकून आहेत, हेही खरं.

माळे एवढे प्रशस्त कशासाठी? तिथे रेशमाचे किडे पाळत. आणि फरशीखाली त्याहून विलक्षण उद्योग चाले: बंदुकीच्या दारूसाठी सोरा तयार करण्याचा. चुलीजवळ खड्डा खणून त्यात माती, रानटी वनस्पती आणि रेशीमकिड्यांची विष्ठा यांचे थर रचत आणि काही वर्षं कुजू देत. मग ती माती पाण्याने धुवायची, पाणी आटवायचं, की सोऱ्याचे स्फटिक. हा माल कागा संस्थानाचे माएदा सरदार घेत. दुर्गम खोरं गुपित राखायला सोयीचं होतं. संस्थान आपले राजकीय कैदीही इथेच धाडत असे, आणि ते पळू नयेत म्हणून नदीवर पूल बांधू देत नसे. लोक दोराला टांगलेल्या टोपलीतून नदी ओलांडत. सोऱ्याची सगळी प्रक्रिया सुगानुमातल्या छोट्या संग्रहालयात नीट मांडली आहे, ते चुकवू नका. सुगानुमाला वरच्या वाहनतळापासून खाली लिफ्ट आहे, वयस्कांची मोठी सोय होते.

सुगानुमाच्या पुढे निशी-आकाओला इवासे कुटुंबाचं पाच मजली घर आहे. याच शैलीतलं सर्वांत मोठं म्हणून ते ओळखलं जातं. बांधायला आठ वर्षं लागली होती. शेजारीच ग्योतोकुजी मंदिर, त्याचं दारही गवती छपराचं. या मंदिराशी दोशू नावाच्या भक्ताची कथा जोडलेली आहे. रेन्न्यो या धर्मगुरूंचा हा शिष्य अमिदा बुद्धाच्या ४८ संकल्पांचा विसर पडू नये म्हणून ४८ ओंडक्यांवर झोपत असे. टोचलं की जाग येई, जाग आली की नामस्मरण. आई त्या कथेपाशी बराच वेळ थांबली. संतांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटत नाही.

आता जेवण, कारण शाकाहारी लोकांची खरी काळजी इथेच असते. मिन्शुकूत नदीतला इवाना मासा सळईवर भाजून देतात, आणि भाज्यांच्या रश्श्यातही बहुधा माशाचा अर्क असतो. 'शाकाहारी' एवढंच सांगून भागत नाही. मासा नको, माशाचा 'दाशी' नको, असं बुकिंग करतानाच जपानीत लिहून कळवा. आयत्या वेळी काही बदलता येत नाही. गोकायामात होओन्को या धार्मिक विधीच्या पंक्तीचं जेवण परंपरेने शाकाहारी असतं, तशी विचारणा जरूर करा. आणि इथला तोफू खाच. तो इतका घट्ट की पूर्वी दोरीने बांधून हातात लटकवून नेत. जाड कापांवर थोडा सोया सॉस, बास. रानचेस्टनटचे 'तोची मोची'ही छान. आम्ही मेतकुटाची पुडी नेली होती, गरम भातावर तिचा चांगला उपयोग झाला. जेवण सहाच्या सुमारास असतं आणि उशिरा पोचलेलं चालत नाही.

राहण्याबद्दल थोडं स्पष्ट. खोल्यांमध्ये कागदी-लाकडी सरकती दारं असतात, शेजारचं घोरणं ऐकू येतं. न्हाणीघर सामाईक, झोपायला जमिनीवर गाद्या. ज्यांना खाली बसता-उठता येत नाही त्यांनी आधी विचारून घ्यावं. रोख येन लागतात, गावात एटीएमच्या भरवशावर राहू नका. रात्री कडक थंडी पडते. सिगारेट नेमून दिलेल्या जागेशिवाय कुठेही नाही, कारण गवताला आग म्हणजे गाव संपलं. जंगलवाटेवर जाणार असाल तर अस्वलांसाठी घंटा हवी. कचरा आपला आपण परत न्यायचा. अंगणात, शेतात, कुणाच्या दारात शिरायचं नाही. ही लोकांची राहती घरं आहेत.

तारखा हातात असतील तर २५-२६ सप्टेंबर गाठा. गोकायामातल्याच कामिनाशी गावच्या देवळात कोकिरिको उत्सव असतो. कोकिरिको हे जपानच्या सर्वांत जुन्या मानल्या जाणाऱ्या लोकगीतांपैकी एक. नर्तकांच्या हातात 'सासारा' असतो, १०८ लाकडी पट्ट्या ओवलेलं वाद्य. बौद्ध जपमाळेतही १०८ मणी, मनुष्याच्या तितक्या वासनांसाठी. आम्हाला उत्सव मिळाला नाही, पण गावातल्या दुकानात तो सासारा हातात घेऊन वाजवता आला. मनगटाच्या एका झटक्यात आवाजाची लाट या टोकाहून त्या टोकाला जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसने ओगिमाचीला जा. साडेदहानंतर गर्दी चढत जाते. थेट वाडा नावाच्या कुटुंबाच्या जुन्या घराकडे, ते आधी उरका, मग म्योझेनजी मंदिर, मग वरचा देखाव्याचा कट्टा. १९७१ साली गावकऱ्यांनी ठरवलं: विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. त्या आधीच्या काळात खोऱ्यात धरणं झाली, घरं बुडाली, विकली गेली, म्हणून हा निश्चय. घरं बघायला तिकीट पडतं, ते काढताना हात आखडू नका. हिवाळ्यातली रोषणाई बघायची असेल तर आगाऊ आरक्षणाशिवाय प्रवेश नाही.

पुढे ताकायामाला बस साधारण पन्नास मिनिटांत पोचते, कानाझावाला सव्वा तासात. काही फेऱ्यांना आरक्षण सक्तीचं आहे आणि दुपारच्या जागा लवकर भरतात, तेव्हा हे तिकीट मुक्काम ठरवतानाच काढून ठेवा.